फडातले पाणी : किती, कसे आणि कशाबरोबर



शेतकी खात्याच्या या पानावर आपण एरवी लागणीच्या जाती, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल वाचता. उसाला पाणी जादा झाले की काय होते हे सांगायला आता अधिकाऱ्याची गरज राहिलेली नाही. मुळ्या गुदमरतात, पाला पिवळा पडतो, टाकलेला युरिया वाहून जातो आणि पुढे जमीन फुटते. हे प्रत्येकाने कोणाच्या ना कोणाच्या तरी रानात पाहिले आहे. पण पाणी माणसालाही जादा होऊ शकते, आणि तेही काही तासांत जिवावर बेतण्याइतके, असे म्हटले की ऐकणारा हसतो. "साहेब, पाणी पिऊन कुठं माणूस मरतंय व्हय? बुडून मरंल तेवढंच," असे एका मुकादमाने मला तोंडावर सांगितले. त्याचे म्हणणे आपल्यापैकी बहुतेकांचेच म्हणणे आहे. म्हणून उन्हे तापायच्या आत हा विषय घेतला आहे. हंगाम लांबला की तोड कडक उन्हात सापडते. २०२१-२२ चा हंगाम तर राज्याच्या काही भागांत जूनपर्यंत चालला होता.

आधी एक खुलासा. हा लेख वाचून कोणी टोळीचे पाणी तोडू नये. उन्हात राबणाऱ्याला कमी पाण्याचा धोका जादा पाण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा भोवतो. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड मजुरांमध्ये, ऐन उमेदीच्या धडधाकट गड्यांमध्ये, मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. रोजचे ऊन, अतिश्रम आणि पुन्हापुन्हा शरीर कोरडे पडणे ही त्याच्या मुख्य कारणांत धरली जातात. तिकडे काही कारखान्यांनी फडातच पाणी, विसावा आणि सावली यांची व्यवस्था लावली. तेव्हा पाणी हवेच. ते किती वेगाने पोटात जाते आणि त्याच्याबरोबर मीठ जाते की नाही, प्रश्न एवढाच आहे.

आपल्या रक्तातले पाणी गोडे नसते, खारे असते. दवाखान्यात लावतात त्या सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असे छापलेले असते, म्हणजे लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ. रक्ताची खारटी साधारण तेवढीच. डॉक्टर ती सोडियमच्या आकड्याने मोजतात. निरोगी माणसाचा आकडा १३५ ते १४५. त्याच्या खाली गेला की बिघाड सुरू झाला असे समजावे. तो काही तासांतच १२० च्या आसपास उतरला तर जीव धोक्यात येतो.

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने पाणी सुटते, हे घरातल्या बायामाणसांना ठाऊक आहे. मीठ पाण्याला आपल्याकडे ओढते. शरीरातही हाच कायदा चालतो. शरीर बारीक बारीक पेशींचे बनले आहे आणि त्या पेशी खाऱ्या पाण्यात आहेत. नुसते पाणी भराभर पोटात गेले की बाहेरची खारटी उतरते, मग पाणी पेशीच्या आत शिरते आणि पेशी फुगते, रात्री भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी. हातापायाच्या पेशी फुगल्या तर त्यांना पसरायला जागा आहे. मेंदूला ती नाही, तो कवटीच्या हाडात बंद आहे. बाटलीत गच्च हरभरा भरून वरून पाणी ओता, बूच घट्ट बसवा आणि सकाळी पहा. डोके ठणकणे, मळमळ, उलटी, बरळणे, मग झटके, बेशुद्धी आणि शेवटी श्वास अडणे, अशा पायऱ्यांनी हा प्रकार साधारणपणे जातो. कधीकधी मधल्या पायऱ्या दिसतही नाहीत.

शास्त्राला हे नवीन नाही. १९२३ साली अमेरिकेतले डॉ. लिओनार्ड राउंट्री यांनी पाण्याच्या विषबाधेवर लेख लिहिला. त्यांनी कुत्र्यांना भराभर पाणी पाजले तेव्हा त्यांना झटके आले, आणि मिठाचे तीव्र द्रावण दिल्यावर ते थांबले. त्याच साली इंग्लंडमध्ये के. नेव्हिल मॉस यांनी कोळशाच्या खाणीतल्या मजुरांवर लिहिले. खोल खाणीत उष्णता भयंकर. माणूस घामाने निथळतो, वर भसाभस पाणी पितो, आणि मग हातापायांत, पोटात असे गोळे येतात की गडी जमिनीवर लोळतो. पाण्यात थोडे मीठ घालून दिले तेव्हा हे गोळे येईनासे झाले. आपल्या फडात मांडीला, पोटरीला गोळा आला की आपण "थकला गडी, पाणी द्या" म्हणतो. अशा गोळ्यामागे पुष्कळदा घामाबरोबर गेलेले मीठ असते, आणि नुसत्या पाण्याने ते भरून निघत नाही.

यावर कोणी विचारील की जादा पाणी लघवीवाटे निघून का जात नाही? जाते, पण पाटचारीला जशी वहनाची मर्यादा असते तशी मूत्रपिंडांनाही आहे. निरोगी मोठ्या माणसाची मूत्रपिंडे फार तर तासाला आठशे मिलिलिटर ते एक लिटर पाणी बाहेर काढतात. त्याहून जादा सोडले तर चारी फुटणार. पण फडातली गोष्ट याहून वाईट आहे. शरीरात पाणी राखून ठेवणारे एक संप्रेरक आहे. अतिश्रम, वेदना, मळमळ, उष्मा अशा वेळी मेंदू ते रक्तात सोडतो, आणि ते सुटले की मूत्रपिंडाचे दार बरेचसे मिटते. घरी ओसरीवर बसलेल्या माणसाने दोन तांबे जादा घेतले तर दोन-तीन वेळा उठून तो मोकळा होतो. तेच दोन तांबे मोळ्या वाहणाऱ्याच्या अंगात साठून राहतात.

टोळीचा दिवस आपण पाहतोच. पहाटे तीन-चारला कोयता हातात. पुष्कळ जण नुसत्या चहावर फडात शिरतात, भाकरी मागून. नऊ-दहा वाजेपर्यंत अंगातून कित्येक लिटर घाम गेलेला असतो. लिटरभर घामात साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जाते, कोणाचे कमी, कोणाचे जास्त. घाम वाळल्यावर ज्याच्या बंडीवर पांढरे नकाशे उमटतात त्याचे जास्त. मग वाहन येते, भरायची घाई होते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढउतार सुरू होते. हे उरकेपर्यंत पाण्याकडे कोणी बघत नाही आणि उरकले की माणूस हंड्यावर तुटून पडतो. एका दमात एक तांब्या, मागोमाग दुसरा.

मागे एका हंगामात एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या गटात बावीस-तेवीस वर्षांचा एक गडी ट्रक भरता भरता मटकन बसला. सकाळपासून पोटात अन्न नव्हते. पायात गोळे आले म्हणून बायकोने पाणी दिले. पुन्हा गोळे, पुन्हा पाणी. दीड-दोन तासांत सहा-सात तांबे झाले असावेत. मग तो ओकला. ओकला म्हणून "ऊन लागलंय, पाजा अजून" असे चार तोंडांनी सांगितले. शेवटी तो मुकादमाला ओळखेना आणि गावाकडे ठेवलेल्या बैलाला नाव घेऊन हाका मारू लागला. तालुक्याला नेल्यावर रक्त तपासले, सोडियम ११८ निघाले. डॉक्टरांनी बरोबरच्या माणसांना विचारलेला पहिला प्रश्न होता, "हा लघवीला शेवटचा कधी गेला?" कोणालाच सांगता येईना. गडी वाचला, चौथ्या दिवशी उठून बसला. त्याला पाणी पाजणारी सगळी त्याच्या जिवाभावाची माणसे होती.

ऊन लागलेला आणि पाणी जादा झालेला, दोघे वरवर सारखेच दिसतात, ही खरी अडचण आहे. दोघांचे डोके दुखते, दोघे ओकतात, दोघे बरळतात. ऊन लागलेल्याचे अंग बहुधा भट्टीसारखे तापलेले असते. दुसऱ्याचे तेवढे तापलेले नसते, उलट बोटे सुजलेली, अंगठी रुतलेली, पोट पाण्याने डबडबलेले असे दिसू शकते. पण रक्त तपासल्याशिवाय खात्रीने कोणी सांगू नये, मी तर नाहीच नाही. म्हणून आमच्या गटात मी मुकादमांना एकच सांगतो : माणूस बरळू लागला किंवा ओकू लागला की पाणी अंगावर ओता, तोंडात ओतू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला. हे दोन्ही प्रकारांत चालते. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. दवाखान्यात गेल्यावर किती वेळात किती तांबे पाणी झाले, खाणे काय झाले, लघवी कधी झाली, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. आपल्याकडे "साहेब, एक ग्लुकोजची बाटली लावा, तरतरी येईल" असा हट्ट धरण्याची पद्धत आहे. नुसत्या ग्लुकोजच्या बाटलीत मीठ नसते. त्यातली साखर अंगात खपली की मागे उरते ते पाणीच. कोणती बाटली लावायची ते डॉक्टरांवर सोडा.

हे केवळ मजुरांचे दुखणे आहे असे मात्र समजू नका. आपल्या कित्येक सभासदांची मुले पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्याने धावतात, त्यांच्यासाठी ही हकीकत आहे. अमेरिकेत बोस्टन येथे दरवर्षी मॅरेथॉन शर्यत होते, ४२ किलोमीटरची. २००२ सालच्या शर्यतीत ४८८ धावपटूंचे रक्त शेवटी तपासले. शंभरात तेरा जणांचे सोडियम उतरलेले होते आणि तिघांचे तर प्राणावर बेतेल इतके. गंमत पहा, धोका जास्त होता तो चार तासांहून अधिक वेळ लावणाऱ्या संथ धावपटूंना, कारण त्यांना वाटेत पाणी प्यायला सवड भरपूर. आणि धोक्याची सर्वांत ठळक खूण होती ती शर्यतीत वजन वाढणे. एवढे धावून वजन वाढावे, म्हणजे गेले त्याहून जास्त आत आले! अमेरिकेच्या लष्करातही हाच अनुभव आला. उन्हात कवायत करणाऱ्या शिपायांना पाणी प्या, पाणी प्या असा धोशा होता. त्यात जवान आजारी पडू लागले, मृत्यूही झाला. तेव्हा १९९८ मध्ये नियम बदलून कितीही ऊन असले तरी तासाला दीड लिटरच्या आत, अशी मर्यादा घातली.

पैजेचे तर बोलायलाच नको. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहरात एका रेडिओ केंद्राने जास्तीत जास्त पाणी पिऊन लघवी रोखून धरण्याची स्पर्धा ठेवली. बक्षीस होते एक खेळाचे यंत्र. भाग घेतलेली अठ्ठावीस वर्षांची एक बाई, तीन लेकरांची आई, त्याच दिवशी घरी मरण पावली. तिला ना ऊन होते, ना श्रम. आपल्या यात्रा-जत्रांत आणि पारावर असल्या पैजा लागतात. हल्ली मोबाइलवर पहाटे उठून एका बैठकीत तीन-चार तांबे पाणी प्यायचे उपाय फिरतात. विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर मंडळींनी असल्या उपायांच्या नादी लागू नये. त्यांचे सोडियम मुळात उतरत्या अंगाचे असू शकते.

आता फडात काय करायचे ते. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरच्या आसपास, असे पाणी घ्यावे. तहान कोरडी पडेपर्यंत थांबायचे नाही आणि नंतर हंडा तोंडाला लावायचा नाही. तासाला एकूण दीड लिटरच्या आतच. यासाठी पाणी फडाच्या बांधावर ठेवून चालत नाही, तोड जिथे चालली आहे तिथे सरकत न्यावे लागते. शेतमालकाने एवढे केले तर अर्धे काम झाले, कारण पाणी लांब असले की माणूस एकदाच जातो आणि एकदाच भरपूर पितो. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी भाकरी पोटात जावी. भाकरी, ठेचा, मीठ-कांदा, मीठ घातलेले ताक, आंबील, कैरीचे पन्हे, हे आपल्या आज्या-पणज्यांचे खाणे-पिणे या कामासाठी अगदी मापात बसते. मिठाच्या गोळ्या किंवा मूठभर मीठ फाकून वर पाणी, असला प्रकार नको. त्याने उलटी होते आणि रक्तदाबवाल्याचे नुकसान होते.

गोळे येत असतील, घाम फार गेला असेल, तर साखर-मिठाचे पाणी घ्यावे. इथे आपल्या मालाची थोडी कहाणी सांगतो, साखर कारखान्याच्या पत्रिकेत ती शोभेल. नुसते मिठाचे पाणी आतड्यातून रक्तात तितक्या सहज शिरत नाही. साखरेचा अंश बरोबर असला की तो मिठाचा हात धरून त्याला आत नेतो आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ही गोष्ट मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांतून वाटले, आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांनीच ते वाटीवाटीने पाजले. पूर्वी शंभरात तीस माणसे दगावत, ती संख्या चारच्या आत आली. महालनबीस २०२२ मध्ये वारले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आपण पिकवतो त्या गोडीने एवढी माणसे वाचवली, हे आपल्या किती सभासदांना माहीत आहे?

माप असे : एक लिटर स्वच्छ पाण्याला साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा सपाट अर्धा चमचा. दहा लिटरच्या हंड्याला पाव किलो साखर आणि मिठाचे पाच सपाट चमचे. चव घेऊन पहा. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागले तर मीठ जादा झाले, ओतून टाका. सकाळचे पाणी संध्याकाळनंतर ठेवू नये. तयार ओआरएसचे पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात घालावे. एक पाकीट हंडाभर पाण्यात टाकून टोळीला वाटणारे मी पाहिले आहेत, त्याचा उपयोग शून्य. आणि हे पाणी दिवसभर प्रत्येकाने प्यायचे असे नाही. जेवण नीट होत असेल तर साधे पाणी पुरते. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

एक गोष्ट मात्र सर्वांनी आपल्या रानात डोळ्यांनी पाहावी अशी माझी विनंती आहे. आई ऊस तोडते आणि तान्हे मूल बांधावरच्या झाडाला झोळीत असते. ते रडले की थोरली बहीण, म्हणजे तीही सहा-सात वर्षांची, बाटलीने पाणी पाजते. ऊन आहे, बाळ तहानले असेल, असे तिला वाटते. सहा महिन्यांपर्यंतच्या मुलाला पाणी द्यायचे नसते, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात त्याला लागणारे पाणी असते. त्याची मूत्रपिंडे कोवळी, अंग लहान, त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणारे पाणी त्याचे सोडियम उतरवायला पुरते. बाळ मलूल होते, अंग गार पडते, झटके येतात. वरचे दूध पुरावे म्हणून त्यात पाणी वाढवले तरी तेच होते. यावर औषध एकच, आईला दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजायला सोडणे. वाहन पंधरा मिनिटे उशिरा भरले तरी काही बिघडत नाही. मुकादम कुरकुरला तर शेतमालकाने त्याला सांगावे, आणि मालकाला जमत नसेल तर गट कार्यालयात कळवावे, आम्ही सांगू.

जाता जाता गोठ्याविषयी. वासरे आणि कालवडी दिवसभर पाण्यावाचून बांधून ठेवल्या आणि संध्याकाळी एकदम हौदावर सोडल्या तर त्या पोट फुटेस्तोवर पितात. मग काही तासांत लघवी लाल किंवा कॉफीसारखी होते, कारण पाणी शिरून रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वासरू धापा टाकते, लडबडते, क्वचित झटके येऊन पडते. लोक याला विषबाधा समजतात किंवा नजर लागली म्हणतात. मोठ्या जनावरांत हे फार कमी दिसते. वासरांपुढे दिवसभर थोडे थोडे पाणी असावे, गव्हाणीत मिठाचा खडा टांगलेला असावा, आणि तहानलेल्या वासराला पहिल्या खेपेला अर्धी बादली पाजून पाऊण तासाने उरलेले दाखवावे. लघवी लाल दिसली तर पाणी बाजूला घेऊन पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवावे.

— ऊस विकास अधिकारी